अण्णाचा फोन वाजतोय

आमचा थोरला भाऊ, अण्णा, गूळ कसा करायचा ह्यावर ब्लॉग लिवायचा, ठावं हाय की तुमास्नी. अण्णा गेला, फोन ऱ्हायला. कुनी आपल्या ब्लॉगात अण्णाच्या लेखाची लिंक टाकली की फोन वाजतोय, नोटीस येती: ही लिंक लेखाखाली दावायला मंजूर करू का काढू? निम्म्या तर फालतू जाहिराती. वैनी एकेक वाचत बसती, जाहिराती काढती, खऱ्या मंजूर करती.

परवा आमी जेवताना वाजला. माझं डोस्कंच फिरलं. त्यो फोन वाजला की अण्णा दारात आल्यागत वाटतंय, आन दारात कुनी नसतंय.

म्हनलं, "आना हिकडं! कायमचा बंद करतो. गेलेल्या मानसाला कसल्या नोटिसा?"

वैनीनं फोन पदराखाली धरला. "भावजी, जेवताना ह्यास्नी उचकी लागली की तुमी काय म्हनायचा?"

"कुनीतरी आठवन काढतंय म्हनायचो."

"मग? आता उचकी लागायला ते न्हाईत. म्हनून ह्यो वाजतोय."

फोनसाठी पुढं केलेला हात मी मागं घेतला. म्हनलं, "बघा मग वैनी, कोन आठवन काढतंय."