उशाखालचा विळा

(नाशिक, १९८२. सरकारी दवाखान्यातली एक खोली. भिमाबाईच्या मांडीवर दोन महिन्यांची नात. शेजारच्या बाकावर सून सुमन, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, भिंतीकडे तोंड करून.)

भिमाबाई — तुमच्याच दवाखान्यानं माझी सून बिघडवली, डॉक्टरीणबाई. मी धडधाकट आणून दिली व्हती. टाके घालताना आत काय घातलं ते सांगा अन् काढून घ्या.

डॉक्टर — टाक्यांनी असं होत नाही, मावशी. बिघडली म्हणजे नेमकं काय झालं?

भिमाबाई — पुन्हा सांगू? खाली सांगितलं की. तिथला मोठा साहेब म्हणतो, इथं रोज बायका बाळंत व्हत्यात, हिचंच काय नवल? ताकदीची लाल गोळी दिली अन् वर धाडलं. तुम्ही कशाच्या डॉक्टर?

डॉक्टर — मनाच्या आजारांची.

भिमाबाई — म्हंजे येड्यांच्या.

डॉक्टर — ज्यांना झोप लागत नाही त्यांचीही. सुमनला लागते का?

भिमाबाई — नाय. पोर झोपली तरी ही टकाटका आढ्याकडं बघती. पोरीला मी छातीला लावून द्यायची, पिऊन झालं की लगेच म्हणती, घ्या, घ्या हिला. अन् मग हे बघा, अशी हातावर बसती. अंड्यावर कोंबडी बसावी तशी.

डॉक्टर — आणि घरचे काय म्हणतात?

भिमाबाई — जयराम, माझा पोरगा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला हाय. त्यो म्हणतो नाटकं करती. आज पाळी सुटली की इथंच येणार अन् हिला सिन्नरला माहेरी सोडणार. पोरगी आमच्याकडं राहील. तसं ठरलंय.

डॉक्टर — कायमचं?

भिमाबाई — ते मला काय माहीत? पर सोडलेली बाई लवकर कोण आणतंय परत?

डॉक्टर — तुम्हांला काय वाटतं? नाटकं करते?

भिमाबाई — मला नाय वाटत. मला येगळंच वाटतं. पर जयरामपुढं बोलायची सोय नाय, अंगावर येतो. बाहेरचं हाय हे. लोखंडाला भिते ती.

डॉक्टर — लोखंडाला? हे कसं कळलं?

भिमाबाई — बाहेरचं लागू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवत्यात, ठाऊक नाय तुम्हांला? तुमचं लगीन झालंय का?

डॉक्टर — झालंय. विळा नव्हता ठेवला. पुढं?

भिमाबाई — मी ठेवला. जयराम वरडला, आपण धम्म घेतला, आता हे कशाला? मी म्हटलं, देव्हारा काढला तवा मी हूं की चूं केलं नाय. विळा काय देव हाय का? राहू दे. तर हिनं सकाळी काढून मोरीत टाकला. पुन्हा ठेवला, तर शेजारच्या कौलांवर फेकला. पुन्हा ठेवला, तर भंगारवाल्याला देऊन टाकला बयेनं! चांगला धारेचा विळा. तवा सगुणाबाई, आमची शेजारीण, म्हणाली, जी लोखंड ठेवू देत नाय तिच्या अंगात कोणतरी बसलंय.

डॉक्टर — मग तुम्ही काय केलं?

भिमाबाई — मोठं लोखंड आणलं. माझ्या भावाचा ऊस तोडायचा कोयता.

डॉक्टर — तोही उशाखाली?

भिमाबाई — मग काय डोक्यावर? त्या दिवसापासून ही हातावर बसायला लागली. लागू पडला म्हटलं.

डॉक्टर — मावशी, मला एक सांगा. सुमन झोपते कशावर?

भिमाबाई — खाटेवर. जयरामनं बाळंतपणासाठी घेतली.

डॉक्टर — लाकडी?

भिमाबाई — लाकडी कुठली, लोखंडी. चांगली जड हाय.

डॉक्टर — आणि भाकरी करते?

भिमाबाई — आता करती. थापून तव्यावर...

डॉक्टर — तवा कशाचा?

भिमाबाई — तवा... थांबा. थांबा जरा. खाटेला भीत नाय. तव्याला भीत नाय. मग अंगात बसलंय त्याला काय विळाच तेवढा दिसतो का?

डॉक्टर — मीही तेच विचारतेय. आणखी कशाला हात लावत नाही ती?

भिमाबाई — भाजी चिरत नाय. विळीवर बसायला सांगितलं तर न्हाणीत जाऊन उभी ऱ्हाती. जयरामच्या दाढीचं पातं खिडकीत असतंय, तर खिडकीकडं पाठ करती. कात्री... अगं बाई. सगळं धारेचंच.

डॉक्टर — सुमन, विळा का फेकलास?

भिमाबाई — ती नाय बोलायची. महिना झाला, ‘घ्या हिला’ सोडून बोलत नाय कुणाशी.

डॉक्टर — कुणी विचारलं होतं तिला?

भिमाबाई — तिला काय विचारायचं? घरात बघायला आम्ही हाय ना!

सुमन — मनात यायचं.

भिमाबाई — बोलली!

डॉक्टर — काय यायचं, सुमन? सांगितलंस म्हणून कुणी बाळ काढून घेणार नाही. जयरामशी मी बोलेन.

सुमन — विळा जवळ असला की यायचं. हात उचलेल माझा. पोरीवर. मला नको असायचं, तरी यायचं. मी विळा लांब टाकायची, आत्याबाई पुन्हा आणायच्या. कोयता हातात धरायचीच भीती वाटली, म्हणून फेकता आला नाही. मग हातच दाबून ठेवले.

भिमाबाई — म्हंजे... मी पोरीजवळ कोयता ठेवत व्हते, अन् ही तिला राखत व्हती?

डॉक्टर — तो कोयता आज घराबाहेर गेला पाहिजे. सुमनला इथं ठेवून घेते. झोप यायला औषध देईन. बाळ याच वॉर्डात, पण सोबत कुणीतरी जागं माणूस हवं, दोघींना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. तुम्ही राहाल?

भिमाबाई — ऱ्हाते की. चटई आणते. अन् जयराम सिन्नरचं काढू दे तोंडातून, खाटेसकट त्यालाच सोडून येते.

सुमन — डॉक्टरीणबाई, असं मनात येणारी मी एकटीच का?

डॉक्टर — नाही. पुष्कळजणींच्या मनात येतं, पण भीतीनं कुणी सांगत नाही. तुझा आजार त्याहून वाढलाय, म्हणून ठेवून घेतेय. यातून बायका बऱ्या होतात.

सुमन — हे तुम्हांला आधीपासून ठाऊक होतं?

डॉक्टर — हो. आम्हांला शिकवतात.

सुमन — मग खालच्या साहेबालाही शिकवलं असेल.

डॉक्टर — शिकवलं असणार.

सुमन — पोटुशी असल्यापासून मी इथंच येत होते. वजन केलं, सुई टोचली, पोटाला नळी लावून ऐकलं. बाळंत झाले तर तिसऱ्या दिवशी विचारलं, मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून टाकायचं का. पोट सगळ्यांनी बघितलं. झोप येते का, मनात काय येतं, हे एकानंही नाही विचारलं.

डॉक्टर — तेव्हा मी इथं नव्हते, सुमन.

भिमाबाई — डॉक्टरीणबाईंना कशाला बोलती, बाई? त्यांनीच तर...

सुमन — बोलू द्या, आत्याबाई. तुम्ही नव्हता, दवाखाना तर होता ना? तुम्हांला ठाऊक, साहेबाला ठाऊक, पुस्तकात छापलेलं. फक्त जिला व्हायचं होतं तिला कुणी सांगितलं नाही. मी रोज समजत होते, जगात मी एकटीच अशी राक्षसीण.

भिमाबाई — अगं सुमन... हात बघ तुझे. बाहेर काढलेस.

सुमन — का नाही सांगितलं? खाली बघू नका, डॉक्टरीणबाई. साहेबाला वर बोलवा, नाहीतर तुम्ही सांगा. मी बसलेय इथं.