चार दिवसांचा निळा डबा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय त्यात?" एवढं काय त्यात! अहो, तुम्हाला सांगतो, ज्या माणसाच्या घरातला एकुलता एक संडास फोडलाय आणि ज्याच्या फाटकाच्या आत, भर रस्त्याकडे तोंड करून, निळ्या प्लास्टिकचा उभा डबा आणून ठेवलाय, त्याला हा प्रश्न विचारू नये. त्याला काहीच विचारू नये. त्याला फक्त वाट द्यावी!

आता हौस म्हणून का कुणी घर फोडतं? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, आता कमोडच पाहिजे. बरोबर आहे. मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. तो आला, आमच्या जुन्या संडासात डोकावला, भिंतीवर दोनदा टकटक केली, अंगठा तळहातात दाबला आणि चार बोटं माझ्या नाकासमोर धरली. "फक्त चार दिवस, साहेब!"

"आणि तोवर आम्ही?"

"डबा देतो ना, फिरता संडास! एकदम स्वच्छ. आत बसायला खुर्चीसारखी सोय. दर गुरुवारी गाडी येऊन साफ करून जाईल. घरातलं विसराल, साहेब!"

विसरलो हो, सगळं विसरलो! लाज विसरलो, झोप विसरलो, दुसरा कप चहा घेणं विसरलो. कारण तो डबा ठेवला कुठे? फाटकाजवळ. का? तर गाडीचा पाइप तिथपर्यंतच पोचतो. आणि दार रस्त्याकडे का? तर मागे वाळू. बरं, दाराच्या कडीवर एक छोटी खिडकी... आत कुणी असलं की लाल, नसलं की हिरवी. आमची पहिल्या दिवसापासून लालच! म्हणजे आत कोणी आहे की नाही हे कळायला बाहेरून खोकायचं आणि आतून उलट खोकायचं. आमच्या घरात मी, बायको, मुलगी, शिवाय दोन गवंडी, प्लंबर आणि सुतार. सकाळी सात वाजता आमच्या अंगणातून जाणाऱ्याला वाटायचं, इथे दवाखाना उघडलाय.

आणि समोरच्या गॅलरीत निवृत्त मुख्याध्यापक! पेपर घेऊन बसलेले. मी बादली घेऊन निघालो की चष्म्यावरून बघायचे. "काय, आज लवकर?" अहो, हजेरी घेताय का? एकदा मला उशीर लागला तर बाहेर आल्यावर म्हणतात, "पोट ठीक आहे ना?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं! शाळा सुटली तरी सवय सुटत नाही.

चार दिवसांचे अकरा झाले. फरशी आली ती चुकीच्या रंगाची आली. बरोबर रंगाची आली तेव्हा गवंडी गावाला गेला. गवंडी आला तेव्हा प्लंबरचं आणि त्याचं वाजलं. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की पलीकडून तोच आवाज, "फक्त चार दिवस, साहेब!" आणि तुम्हाला सांगतो, फोनवरसुद्धा मला ती चार बोटं दिसायची.

पण हे सगळं मी सोसलं असतं. हसतहसत नाही, पण सोसलं असतं. खरी गोष्ट बाबांची आहे.

बाबा तोवर ताईकडे होते. बाराव्या दिवशी म्हणाले, "मला माझा पलंग पाहिजे." आले. वॉकर टेकत फाटकातून आत शिरले, डबा पाहिला, वरपासून खालपर्यंत पाहिला. आमचे बाबा म्हणजे पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. शब्द कमी, पण पक्का. म्हणाले, "यात मी जाणार नाही."

"बाबा, आत खुर्चीसारखंच आहे हो!"

"आत कसंही असू दे. बाहेर रस्ता आहे."

संपलं. मग काय, मी रोज सकाळी त्यांना गाडीत घालून ताईकडे नेतो, तिच्या घरी ते उरकतात, मी खाली हॉर्न न वाजवता थांबतो, परत आणतो आणि ऑफिसला उशिरा पोचतो. साहेब विचारतात, "आज काय कारण?" काय सांगू? वडिलांना पोचवायला गेलो होतो... कुठे? साहेब, पुढचं विचारू नका!

पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, बाबांचा तांब्या बघितलात का? सकाळी भरते, संध्याकाळी तसाच." माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो. मग पडला. दिवसभरात पुन्हा जावं लागू नये म्हणून त्यांनी पाणीच सोडलं होतं! गोळ्या कोरड्याच गिळत होते. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळीबरोबर पेलाभर पाणी, आणि हा माणूस जीभ कोरडी करून पलंगावर ताठ बसलेला. मी म्हटलं, "बाबा, असं काय करता?" तर म्हणाले, "तुझं काम होऊ दे. मला घाई नाही." तुम्हाला खरं सांगतो, मी बाहेर येऊन वाळूच्या ढिगावर बसलो आणि रडलो. समोरून मुख्याध्यापक, "पोट का?"

मी त्या कॉन्ट्रॅक्टरची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. आणि काय चमत्कार, दोन दिवसांत काम पुरं! फरशी चकाचक, कमोड पांढराशुभ्र, भिंतीला बाबांसाठी धरायचा दांडा. राहिलं होतं फक्त दार. सुतारानं दार बसवलं. मी बाबांना घेऊन आलो. सगळे पॅसेजमध्ये उभे. मी दार ढकललं.

ठक्!

दार वीतभर उघडलं आणि कमोडवर आपटून थांबलं. वीतभर! मांजर गेलं असतं आत. वॉकर घेतलेले बाबा? बाबांचं कोपरही जाईना.

आता इथे एक गोष्ट आहे, जी मी मघापासून तुम्हाला सांगायचं टाळतोय. सुतार पहिल्या दिवशी म्हणाला होता, "साहेब, दार बाहेर उघडू द्या." मी म्हटलं, "बाहेर फ्रिज आहे, दिसत नाही? आत उघडायचं!" बायको म्हणाली, "अहो, एकदा कमोड धरून मोजा तरी." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." असं मी म्हटलं होतं. चार माणसांसमोर.

सुतार छताकडे बघत होता. बायको माझ्याकडे बघत नव्हती, ही तिची मोठी कृपा. कॉन्ट्रॅक्टर पुढे आला, चौकट हलवून पाहिली. "चौकट काढावी लागेल, साहेब. कडेच्या फरश्या फुटणार. तसं काही फार नाही..." आणि त्याचा अंगठा हळूहळू तळहाताकडे जायला लागला...

"थांब!" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अरे, त्या बाहेरच्या डब्याचं दार कुठे उघडतं?"

"बाहेर, बाबा."

"मग चल. तुझ्या भरवशावर राहिलो तर माझी मूत्रपिंडं जातील."

टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. सुतारानं धावत जाऊन पायरीला फळी लावली. गवंड्यानं वाळू बाजूला ओढली. मी समोर गॅलरीकडे पाहिलं, म्हटलं आता हे काहीतरी बोलणार... तर मुख्याध्यापक उठले, पेपरची घडी घातली आणि मुकाट्यानं घरात गेले. दार लावून घेतलं. त्या माणसाला मी सगळं माफ केलं.

बाबा आत गेले. वॉकरसकट. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस. इकडे माझी स्वतःची अवस्था बिकट व्हायला लागली! मी खोकलो. आतून उलट खोकला, चांगला खणखणीत. म्हटलं, "बाबा, ठीक आहात ना?"

"उत्तम! शांत आहे इथे. कुणी काही विचारत नाही. सुनबाईला म्हणावं, चहा टाक. मोठा कप."

ऐकून जीव भांड्यात पडला हो! पण पोटाचं काय? मी पाय क्रॉस करून विचारलं, "बाबा, अजून किती वेळ?"

दार किंचित उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला. पस्तीस वर्षं सेकंदकाट्याशी इमान राखलेला हात. अंगठा आत दाबलेला आणि चार बोटं वर.

"फक्त चार मिनिटं!"

मी वाळूच्या ढिगावर जागा झटकली आणि नीट मांडी घालून बसलो.