वैशाखात या अन् गाव पाहा

माहं माहेर पवनारचं, धाम नदीच्या काठचं. आमच्या घरून नदी इतकी जवळ का माय सकाळी पान्याचा गुंड घेऊन जाये अन् चुलीवरचं दूध उतू जाच्या आधी परत ये. नदीत आंघोळ, नदीत धुनं, नदीवरच भांडनं, तिथंच समझोता. पानी ही विचाराची गोष्ट असते हे मले लग्न होऊन गेलं तवापर्यंत माहीत नव्हतं. कोनी विचारते का, का तुमच्या गावात हवा हाय का म्हनून? तसंच.

अन् माह्या बापाचं बी तेच झालं. घर पाहाले आला पौषात. पोराले वावर किती, भाऊ किती, दारू पेते का, सासू मारकुटी हाय का, देव कोनता, सगळं विचारलं त्यानं. वावरात तूर उभी, हरभरा हिरवागार, गावची विहीर अशी भरलेली का वाकून हातानं पानी घ्यावं. बाप तिथं ओंजळीनं पानी पेला, म्हने गोड हाय, अन् घरी येऊन मायले सांगितलं, गाव चांगलं हाय. चैतात काय होते हे त्यानं विचारलंच नाई. नदीकाठच्या मानसाले ते सुचतच नाई हो. त्याच्यावर मी कधी रागावली नाई. राग आला तो दुसऱ्याइचा, अन् तो अजून उतरला नाई.

गावाचं नाव नका लिहू. अल्लीपुरापासून दोन कोसावर हाय एवढंच लिहा. मले अजून तिथंच राहाचं हाय.

काय सांगू तुमाले, त्या गावात एक रीतच होती. पोराची सोयरीक जुळवाची ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. शिमगा झाला का पाहुन्याले गावात येऊ द्याचं नाई. कोनी म्हटलं घर पाहाले येतो, तर सांगाचं, घरात बिमारी हाय, नाई तर सांगाचं, तुमी काऊन तकलीफ घेता, हिंगनघाटच्या बाजारात भेटू. लोकाले वाटे किती मानाचं गाव हाय. अन् खरं काय, तर शिमग्यानंतर विहीर तळाले जाये. चैतात चिखल, वैशाखात दगडं. ते कोनाच्या बापाले दिसू नाई म्हनून ही सगळी रीत. कोनी शिकवलं नव्हतं, पन लहान लेकरू बी पाहुन्याले म्हने, आमच्या गावात लय पानी हाय.

पहिल्या उन्हाळ्यात सासूनं दोन गुंड अन् एक चुंबळ माह्या हाती देली अन् म्हने, चाल. नाला एक कोस. रेतीत हातानं झिरा खोदाचा, पानी पाझरेपर्यंत बसाचं, मंग वाटीनं गुंड भराचे. वाटीनं हो! एक गुंड भराले सूर्य वर येऊन जाये. वरून ढोरं त्याच नाल्यात उतरत. पहाटे दोन खेपा, चार वाजल्यावर दोन. मान अशी दुखे का जेवतानी घास गिळनं होत नव्हतं. अन् आमच्या घरचे मानसं? एक बी मानूस गुंड उचलत नव्हता. पानी कमी पडलं का वरडत मात्र.

आता ऐका, खरी गोष्ट पुढंच हाय. त्या नाल्याच्या वाटेवर बौद्धपुरा लागते. तिथं त्या लोकाइची विहीर. गावच्या विहिरीवर त्याइले चढू देत नव्हते, म्हनून दीक्षा घेतल्यावर त्याइनं आपल्या हातानं खोदली, बाया-मानसं मिळून. अन् त्या विहिरीले ऐन वैशाखात बी कमरेइतकं पानी. थंडगार. मी आपल्या डोळ्यानं वाकून पाह्यलं. अन् आमी रिकामे गुंड डोक्यावर घेऊन त्या भरल्या विहिरीच्या बाजूनं चालत जाव नाल्यावर, चिखलाचं पानी आनाले. मी सासूले विचारलं, काऊन जी, इथं भरलं तर काय होते? तिनं इकडंतिकडं पाह्यलं अन् म्हने, चूप, हे विचारत नसतेत. पारावरच्या म्हाताऱ्याइनं ठरवलं होतं. पारावर बसून ठरवाले काय जाते? ठरवलं त्याइनं, अन् माना मोडल्या आमच्या.

मी सहा-सात वर्षं तेच पानी भरलं. मंग दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली माह्या लहान दिराची सोयरीक निघाली. पोरगी सिंदीची, रेल्वेवाल्या सिंदीची, शांता नाव. तिचा बाप जिनिंगमध्ये काम करे, दहा गावचे लोक पाह्यलेला, हुशार मानूस. तो मार्गशीर्षात आला. पारावरच्याइले त्यानं विचारलं, गाव कसं हाय, तर सगळे म्हने, एक नंबर. पन त्याचं समाधान नाई झालं. घरी आला, आलूपोहे खाल्ले, अन् मी चहा घेऊन आली तर मलेच म्हने, पोरी, तू बी कोनाची लेक हाय, मले खरं सांग, उन्हाळ्यात पानी राह्यते का?

सासू दारात उभी. माह्याकडं पाहून राह्यली होती. माहे मालक खाली मान घालून बसले.

मी म्हटलं, राह्यते बाबा.

एवढंच म्हटलं. अन् त्या मानसाचा चेहरा खुलला हो. पारावरच्या दहा मानसाइवर त्याचा भरोसा बसला नव्हता, माह्यावर बसला. त्याच दिवशी सुपारी फुटली.

शांता आली. बोलकी पोरगी, हासत राहे. सिंदीले घराच्या अंगनातून गाडीचा आवाज ये म्हने, तिले इथं सुनं सुनं वाटे. पहिल्या उन्हाळ्यात मी तिले नाल्यावर नेलं तवा ती मले काईच बोलली नाई. माह्याकडं पाह्यलं फक्त. मले वाटलं विसरली असन.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिले सातवा महिना होता. मी सासूले म्हटलं, तिले नका पाठवू, मी दोघीचं आनतो. सासू म्हने, आमी का बाळंतपनं केली नाई, आमी पानी भरूनच केली. गेली बिचारी. नाल्याची दरड चढतानी पाय सरकला, डोक्यावर दोन गुंड, गेली खाली. मी धावली. मी पोचाच्या आधी बौद्धपुऱ्यातली सुमनबाई पोचली, तिनं शांताचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्यानं तिले पानी पाजलं. त्याच विहिरीचं पानी. सुमनबाई मले म्हने, बाई, दुष्काळात आमची विहीर आटली तवा आमच्या लेकराइले तुमच्या लोकाइनं नाल्यावरून हाकललं होतं, ते आमी विसरलो नाई. तरी आमी तुमाले कधी नाई म्हटलं का? तुमीच येत नाई. मरसान पन येसान नाई. खरंच होतं तिचं.

बैलबंडीत टाकून वर्ध्याले नेलं शांताले. लेकरू गेलं. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाई, पाय आखूड झाला. आमच्या घरी दोन दिवस कोनी धड जेवलं नाई. अन् तिसऱ्या दिवशी सकाळी सासू मले म्हनते, उठ, पानी संपलं.

त्या दिवशी मी नाल्यावर गेलीच नाई. सुमनबाईच्या विहिरीवर गेली, दोन गुंड भरले अन् भर गावातून डोक्यावर घेऊन आली. अर्ध्या घंट्यात पारावर बोलावनं आलं मालकाले. हे गेले, हात जोडून आले. घरी येऊन माहे दोन्ही गुंड उचलले अन् बैलाच्या टाक्यात उलटे केले. बैल पेले न ते पानी. बैलाले चाललं! मी म्हटलं, बैलाचा धरम बुडला का हो आता? तर मले मारलं त्याइनं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी शूर होती असं नका लिहू. दुसऱ्या दिवशी मी नाल्यावरच गेली.

असे मंग अकरा-बारा वर्षं गेले. सासू गेली. माहा पोरगा रमेश लग्नाचा झाला. सेलूकडची पोरगी सांगून आली, तिचा बाप घर पाहाले आला, पुन्हा मार्गशीर्ष, पुन्हा विहीर भरलेली, पुन्हा तेच पोहे. साधा मानूस, पोरीचं नाव घेतलं का त्याचे डोळे भरून येत. हे त्याले सांगून राह्यले, गाव एकदम चांगलं, काई तरास नाई. त्यानं मले काईच विचारलं नाई. त्याले हात धुवाचे होते म्हनून मी अंगनात त्याच्या हातावर पानी घालाले गेली. अन् तांब्या हातात असतानीच म्हटलं, भाऊ, पोरगी द्याची असन तर वैशाखात या अन् गाव पाहा. भर दुपारी या. कोनाले सांगून नका येऊ. तो पाहतच राह्यला. म्हने, पोरगा तुमचाच न? म्हटलं, पोरगा माहाच, म्हनूनच सांगतो. विहीर आटते, नाला एक कोस हाय, अन् वाटेवर भरली विहीर हाय पन तुमच्या पोरीले तिथं भरू देनार नाई हे लोक. दारात शांता उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

तो मानूस आला हो वैशाखात. फाट्यावर एसटीतून उतरला, पायी आला. बौद्धपुऱ्याजवळ बाभळीखाली उभा राह्यला अन् आमची रांग पाह्यली, रिकामे गुंड घेऊन भरल्या विहिरीपासून जानारी. गावात पाय बी टाकला नाई त्यानं. तिथूनच परत. मले दिसला तो. मी डोक्यावरचा गुंड सावरत त्याले नुसती मान हालवली.

मंग काय, हे बोलनं सेलूपासून अल्लीपुरापर्यंत गेलं. तीन वर्षं त्या गावात एक बी नवी सून आली नाई. बारा-पंधरा पोरं लग्नाचे बसून. मले सोयरीकमोडी म्हनू लागले. माह्या ओट्यावर कोनी बसेना, हळदीकुंकवाले कोनी बोलावेना. रमेश माह्या हातचं जेवे नाई, चुलतीच्या हातचं जेवे. म्हने, तुह्या तोंडानं माहं लग्न मोडलं. मी म्हटलं, तुह्या लग्नासाठी दुसऱ्याची लेक मोडू का? पोटचा पोरगा हो, वाईट वाटे. रडली बी मी. पन मागं नाई घेतलं.

अन् मंग पहा चमत्कार. पारावरच्याइले एकदम आठवलं का सरकारकडून बोरिंग भेटते! इतके वर्षं नाई आठवलं. अर्ज गेले, पुढारी आले, मशीन आली, देवळासमोर बोरिंग झाली. हापशी बसली, नारळ फुटला, हार घातले. एक जन भाषनात म्हने, आमच्या आयाबहिनीचे हाल आमाले पाहावले नाई. माहं डोकं सनकलं. मी गर्दीतूनच वरडली, खोटं बोलू नका! आमच्या माना मोडल्या तवा पाहावलं, या शांताचं लेकरू गेलं तवा बी पाहावलं. पोराइचे लग्नं अडले तवा नाई पाहावलं! कोनी तरी म्हने, बाईले घरी न्या. मी गेली नाई. कुठून कुठून मशीन आनली यांनी, पन वाटेवरच्या विहिरीवर दोर टाकनं झालं नाई. अजून बी ते पानी आमचं कोनी पेत नाई. हापशी बिघडली का पुन्हा नाला. आता तुमी सांगा, चांगलं म्हनाचं का अशा गावाले?

रमेशचं लग्न झालं त्याच वर्षी. सून चांगली हाय, मले जीव लावते. तो बी आता बोलते, कामापुरतं.

पन त्या नारळ फोडल्याच्या दिवशी सगळे गेल्यावर मी अन् शांता हापशीवर होतो. तिच्या पायानं तिच्यानं हापसनं होत नाई, म्हनून मी हापसून राह्यली होती, तिनं गुंड धरला होता. वर न पाहता ती मले म्हने, बाई, त्या सेलूवाल्याले सांगितलं, बरं केलं. माह्या बापाले काऊन नाई सांगितलं?

मी म्हटलं, सासू उभी होती न दारात. भेव वाटलं.

ती म्हने, हं.

बस. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाई. आमी दोघी एकाच अंगनात राह्यतो, सोबत तूर निवडतो, हासतो बी. शिव्या देल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं. तुमी गावाले जे लिहाचं ते लिहा, कमीच पडन. पन माहं बी लिहा, सोडू नका. तुमाले लेक हाय म्हनता. सुखात राहो. तिले द्याले जान तवा दारात एखादी बाई अशी भेटो तुमाले, का जिले सासूचं भेव नाई. मी होती तशी नको.