उरली तर...

...नाही नाही, कायद्याला नावं ठेवत नाहीये मी! कायदा झकास आहे. घराच्या, दुकानाच्या छपरावर सोलर बसवा, उन्हाची वीज करा, वापरा आणि उरली तर कंपनीला द्या. यात वाईट काय? काहीच नाही हो! फक्त ते 'उरली तर' आमच्या बायकोच्या कानावर पडायला नको होतं...

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. खाली दुकान, वर घर. दुपारी जेवलं की पंख्याखाली घटकाभर आडवं व्हायचं, एवढंच सुख नशिबात! तर सोलरवाला जाता जाता म्हणाला, "वहिनी, मीटरवरचा हा बाण बाहेर वळला की समजायचं, तुमची वीज शेजारीपाजारी चालली!" झालं! तेव्हापासून ही मीटरसमोर स्टूल टाकून बसलीय. मी पंखा लावला की, "अहो, बंद करा, बाण आत फिरला!" इस्त्री लावली की, "भर उन्हात कसली इस्त्री?" मशीनची मोटर काढून ठेवली. म्हणजे छपरावर वीज तयार होतेय आणि खाली मी पाय मारतोय! वीज आपली, पण हात लावायचा नाही!

म्हटलं, "अगं, आधी वापरायची, मग उरेल ती द्यायची." तर म्हणते, "वापरली तर उरेल कशी?" आहे उत्तर तुमच्याकडे? आईकडे दाद मागितली. आई म्हणाली, "बरोबर बोलते ती. आमच्या वेळी कुठे होते पंखे?" आणि स्वतःच्या डोक्यावर ओला टॉवेल! वीज आपली, पण हात लावायचा नाही...

परवा मात्र घामाने पार निथळलो. मागच्या दाराने गुपचूप शेजारच्या मास्तरांकडे गेलो. त्यांचा पंखा काय गरगरत होता म्हणता! "मास्तर, जरा पडू का?" "पडा की, तुमचीच वीज!" आत जाऊन बघतो तर सतरंजीवर आई घोरतेय, आणि तिच्या पलीकडे... आमची ही! वाटलं, लाजेल. छे! म्हणते, "मास्तर, पंखा पाचावर करा. आपल्याला काय कमी आहे? आणि अहो, तुम्ही सरका, वारा अडतोय."

सरकलो. दुसरं काय करणार?

आता रोज दुपारी आम्ही तिघं तिथेच. मास्तरांना जागा उरत नाही, म्हणून ते बिचारे आमच्या घरी जाऊन बसतात... पंखा न लावता. बाणावर लक्ष ठेवायला घरात कुणीतरी हवंच ना!