बांधावरचा चर आणि माझं फावडं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवेतून निवृत्त होणारे आपले कृषी सहायक साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, आणि ज्यांच्या पायांची माती अजून वाळायची आहे अशा माझ्या शेतकरी बंधुभगिनींनो,

हार घालायला बोलावलंत, ठीक. बोलायला उभं केलंत, तिथे मात्र फसलात. मी किती तापट आहे, हे या सभेला वेगळं सांगायला नको.

साहेबांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. औषध विचारायला गेलं की हे आधी मातीत गुडघे टेकणार. वीतभर मक्याच्या शेंड्यातला गुंडाळल्या पानांचा एकेक पोंगा उलगडणार, वीस झाडांत किती अळ्या ते मोजणार आणि मग तोंड उघडणार. कित्येकदा "फवारू नका" एवढंच म्हणून उठायचे. आपण मनातल्या मनात शिव्या द्यायचो. द्यायचो की नाही?

एकोणीस वर्षांपूर्वी लष्करी अळी आली. माझ्या थोरल्या भावाचा कोवळा मका तिनं बुडापर्यंत फस्त केला आणि ती माझ्या रानाकडे निघाली. अक्षरशः जमीन सरकत होती. आम्हा भावांचं तेव्हा बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद होतं. भावाची बाजू अळ्यांनी भरलेली, म्हणून साहेबांनी त्याला बांधाच्या माझ्या अंगाला चर खणायला लावला. चराची माझ्याकडची भिंत सरळ उभी, म्हणजे आत पडलेली अळी वर चढत नाही. माझं पीक वाचवायला माझा भाऊ खणत होता. आणि मला काय दिसलं? माझ्या हद्दीत घुसलेला भाऊ, आणि त्याला आखणीची दोरी धरून देणारा सरकारी माणूस.

मी काही विचारलं नाही. भावाच्या डोक्यावर फावडं घातलं. साहेबांनी मध्ये हात घातला, घाव त्या हातावर बसला, म्हणून भाऊ आज जिवंत आहे. हाड मोडल्याचा आवाज मी विसरलेलो नाही.

साहेब मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "मला नंतर मारा. आधी चर पुरा करा, अळी दहा हातांवर आलीय."

आम्ही दोघं वेड्यासारखे खणत सुटलो. चर अळ्यांनी भरला. त्या चिरडायला चरातून जड ओंडका फिरवला, उरल्या त्या फावड्यानं ठेचल्या, पायांनी तुडवल्या. पोटऱ्यांपर्यंत हिरवा चिकट रस. मी ठेचत होतो आणि रडत होतो. माझा मका वाचला.

साहेबांनी कार्यालयात आणि घरी सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. वहिनी, तुम्ही ती गाडी विकायला लावलीत. तेव्हापासून साहेब वाकड्या हातानं सायकल हाकत आमच्या रानात येत राहिले. गाडीचा काही दोष नव्हता. मी मारलं होतं.

संयोजकांनी संधी दिली, अध्यक्षांनी मध्येच घंटा वाजवली नाही, दोघांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या हाताबद्दल मात्र सभेनं मला माफ करू नये. वहिनी, ते तुम्ही ठरवायचं. मी इथेच उभा आहे.