नुमाननं केलेला जोड

जुन्नरहून पुण्याला निघालेल्या एसटीत सरूबाईंच्या पुढच्याच बाकावर भरत मेकॅनिक आणि त्याचा दोस्त गेणू बसले होते. भरतच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं इंजिनाचं केसिंग होतं.

“शेठची जुनी रेसची गाडी लई वर्सं मीच बघतो. आन केसिंग मजबूत करायचं काम दिलं जुन्नरच्या नुमान वेल्डरला! वर ते आणायला मलाच धाडलं.”

“तुझ्या हातनं तडकलं व्हतं ना, राव?”

“इंजिनाचा जोर लई, केसिंग हलकं. कुणाच्याबी हातनं तडकंल. नुमाननं चार पट्ट्या जोडल्या. त्यात काय एवढं?”

“मग ठेव की खाली.”

“खाली? गाडी किती आदळती, दिसत न्हाई का?”

“आन मघापासनं त्या जोडावर बोट काय फिरवतोस?”

“भेग शोधतोय.”

“घावली?”

“घावंल.”

पेठ गावचा थांबा आला. उतरायला उठलेल्या सरूबाई जरा वाकल्या. गोधडीच्या फटीतून जोड दिसत होता. त्यांच्या लहानपणी तांबट हंडा सांधायचा, तसा सुबक.

“किती देखणं काम! कुणी केलं रं, बाबा?”

गेणू खिडकीबाहेर बघू लागला.

“मीच केलं, आजी,” भरत म्हणाला.