रस्त्यावरून दिसतं तेवढं

हिरव्या रंगाचा डबा. घेवड्याच्या बिया. पितळी बिजागऱ्या. हॅझेलच्या टोपलीत एवढंच होतं, पण ओहायोतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात रांग हलत नव्हती आणि तिच्या पुढे दोघं म्हातारे बहीणभाऊ भांडत होते.

“बुरुजवाल्या घराचा मागचा जिना तोडलास, एमेट?”

“घर विकत घेतलंय मी, लोर्ना. तिथे न्हाणीघर करतोय.”

“आपली आजी त्या घरात मोलकरीण होती. जन्मभर त्याच जिन्याने कोळसा वाहिला तिने.”

“म्हणून काय ओवाळू त्याला?”

“आणि जुनी घरं जपणारी ती वारसा समिती? ती झोपली होती?”

“रस्त्यावरून दिसतं तेवढंच त्यांच्या ताब्यात. ओसरीच्या रंगावरून माझं डोकं खाल्लं. जिन्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.”

“म्हणजे दारावरच्या पाटीवर मूळ मालकाचं, त्या बँकवाल्याचं नाव राहणार आणि आजीचं होतं तेवढं तू कचऱ्यात टाकणार.”

“अगं, घर आता आपलंच आहे.”

“तुझं आहे. माझा त्यात तो जिना तेवढाच होता.”

हॅझेल बियांच्या पाकिटाकडे बघत राहिली.

त्या घराच्या माळ्यावरच्या नोकरांच्या खोलीतून त्यांची आजी पुढच्या रुंद जिन्याने एकदाच खाली आली, ती शवपेटीतून. मागच्या जिन्यावर पेटी वळत नव्हती.